खंडेराव मार्केटसाठी तीन रेंजफाइंडर : कामाच्या नोंदी

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

काम ठरलं ते असं : होळीच्या आत बडोद्याच्या खंडेराव मार्केटचा पहाटेचा बाजार कृष्णधवल फिल्मवर उतरवायचा. फ्लॅश नाही, तिपाई नाही. हाताशी तीन जुने रेंजफाइंडर (खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचे फिल्म कॅमेरे) आहेत, तिन्हींचे मिळून पैसे एका मध्यम फोनच्या आतले.

१. यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. ४५ मि.मी. एफ/१.७. छिद्र (लेन्समधली प्रकाशाची वाट; एफचा आकडा लहान तेवढी ती मोठी) आपण ठरवायचं, वेग (शटर किती वेळ उघडं राहतं तो) कॅमेरा ठरवतो.
२. कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री. ४० मि.मी. एफ/१.७. इथे उलट, वेग आपला आणि छिद्र कॅमेऱ्याचं. पूर्ण मॅन्युअलही चालतो, मात्र मॅन्युअलला प्रकाश मोजणारा मीटर बंद असतो.
३. झोर्की-४, वर ज्युपिटर-८, ५० मि.मी. एफ/२. बॅटरी नाही, मीटर नाही.

बडोद्यात कॅमेरे बनत होते हे आता फारसं कोणाला आठवत नाही. न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा आग्फा क्लिक-थ्री इथलाच. पण त्या डब्यात फोकस करायची भानगडच नव्हती. इथे सगळी भानगड फोकसचीच आहे. एसएलआरमध्ये लेन्सला दिसतं तेच आपल्याला दिसतं, त्यामुळे बिघाड डोळ्यांसमोर येतो. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. फोकस चुकलेला असो, टोपण लावलेलं असो, शटरच्या पडद्याला भोक असो, खिडकीतून बाजार लख्खच दिसतो. म्हणून आधी तपासणी. चांगली फिल्म त्यानंतरच आत जाईल.

२९ डिसेंबर, रविवार : यशिकाची बॅटरी

मागचं बॅटरी-चेक बटण दाबलं, हिरवा दिवा लागला नाही. कप्प्याच्या तळाशी पांढरट-हिरवा थर. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन थर विरघळवला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. दिवा तरीही नाही. मल्टिमीटर लावल्यावर कळलं की कप्प्याकडून वर जाणारी वायर आवरणाच्या आत काळी पडून कुजली आहे. बाहेरून दिसायला धडधाकट. तितकीच बारीक, अनेक तारांची वायर डाखली.

मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, या सर्किटला तेवढ्या फरकाने एक्सपोजरमध्ये काही जाणवत नाही. ती आखूड आणि बारीक आहे, म्हणून जाड कागदाची नळी करून तिच्यात बॅटरी बसवली आणि उरलेल्या जागेत बॉलपेनपेक्षा जाड स्प्रिंग टाकली. अॅल्युमिनिअम फॉइलचा गोळाही चालतो, पण तो दाबून दाबून सैल होतो आणि ऐन वेळी दिवा जातो.

फिल्म ओढण्याचा लिव्हर पूर्ण फिरवला की शेवटी आतून ‘ठक्’ असा आवाज यायला हवा. आला. तो येत नसेल तर आतला रबराचा लहान तुकडा झिजलेला असतो आणि मग शटरच्या वेगावर भरवसा ठेवता येत नाही. हा कॅमेरा विकत घेताना दुकानातच लिव्हर फिरवून कान द्यावा.

बॅटरी काढली तर हे शटर फक्त १/५०० वर चालतं. चालतं म्हणून ‘वर्किंग’ लिहून विकणारे बरेच आहेत.

४ जानेवारी २०२५, शनिवार : प्रकाशबंद पट्ट्या

यशिका आणि कॅनोनेट दोन्हींच्या मागच्या दाराचा फोम डांबर झालेला. टूथपिकला आयसोप्रोपिल लावून खाचा खरवडल्या. कॅमेरा उलटा, दार जमिनीकडे, म्हणजे कचरा शटरवर न पडता खाली पडतो. खाचेत काळी लोकर, एका खाचेला एक धागा, टोकांना फेविकॉलचा थेंब. बिजागरीच्या बाजूला पातळ काळी फेल्ट. लोकर दुहेरी घातली तर दार लागत नाही; जोर लावून लावलं तर कुलूप वाकतं.

५ जानेवारी, रविवार : कॅनोनेटची पाती

शटर वाजतं, पण प्रकाश अडवणारी त्याची पाती हलत नाहीत. मागचं दार उघडून, छिद्र एफ/१.७ ला आणि वेग बी ला (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं) ठेवून खिडकीच्या उजेडाकडे पाहिलं : पाती घट्ट बंद. जुनं तेल पात्यांवर पसरून चिकट झालंय.

समोरची नावाची रिंग रबरी बुच दाबून डावीकडे फिरवली, सुटली. मग पुढचा काचांचा गट स्पॅनरने काढला आणि पाती उघडी पडली. लायटर फ्लुइड कापसाच्या काडीवर, काडी झटकून. ओतायचं नाही. ओतलं की तेल पातळ होऊन सगळीकडे धावतं, वास उडाल्यावर तिथेच बसतं, आणि महिन्याने पुन्हा तेच. एक काडी, दहा वेळा शटर, दुसरी कोरडी काडी, पुन्हा दहा वेळा. असे नऊ फेरे झाल्यावर पाती सुटली. रात्रभर उघडं ठेवून सकाळी पुन्हा तपासलं. चालतंय, पण नोंद ठेवावी : तेल मूळ यंत्रणेतून येतंय, पात्यांवर ते फक्त दिसतं.

मीटरची बॅटरी १.३५ व्होल्टची होती. तिच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर काटा चुकीचा बोलतो आणि सेल उतरेल तसतसं आणखी चुकीचं बोलतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा; तो बारीक असल्याने भोवती रबरी रिंग घातली. स्टिकर काढल्यावर हा सेल काही आठवडेच टिकतो, त्यामुळे शूटच्या आदल्या रात्रीच काढायचा.

११ जानेवारी, शनिवार : झोर्कीचा पडदा

लेन्स उतरवली, मागचा भाग काढला, खोलीत अंधार केला आणि समोरून फोनचा टॉर्च. दोन पडद्यांवर मिळून तीन तारे चमकले. एक जरा मोठा, गोल, कडा जळक्या. हे सूर्याचं काम. एसएलआरमध्ये मध्ये आरसा असतो. इथे उघडी लेन्स थेट कापडावर सूर्य गोळा करते. बडोद्याच्या उन्हात गळ्यातल्या कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर (सर्वांत दूरच्या टोकाला) ठेवून चहा प्यायला थांबलं तरी पुरे. टोपण लावायचं. (आणि काढायचंही. ते पुढे येईलच.)

दुरुस्ती : काळा फॅब्रिक कलर, बारीक ब्रश, एकच पातळ थर. जाड थर वाळला की कडक होतो आणि पडदा रुळावर गुंडाळताना अडखळतो. पडदे दोन आहेत हे विसरू नये. शटर चढवलेलं असताना समोर पहिला पडदा असतो, सोडल्यावर दुसरा. दोन्ही स्थितीत टॉर्च लावून पाहायचं. दोन भोकं पहिल्यावर, एक दुसऱ्यावर.

झोर्कीचा नियम कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरच चिकटवून टाकला : आधी शटर चढवा, मग वेग बदला. उलट केलं तर आतली खूण भलत्याच जागी बसते आणि जोर लावला तर यंत्रणा तुटते.

मंद वेग फोनच्या स्लो-मोशनने तपासले, सेकंदाला २४० फ्रेम. १/३० ला ८ फ्रेम उघडं दिसायला हवं, १/१५ ला १६. मिळाले ९ आणि १९. चालेल. १/६० च्या पुढे ही पद्धत निरुपयोगी.

१८ जानेवारी, शनिवार : अनंत

मधले दिवस वाया. १४ आणि १५, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, गच्ची पतंगवाल्यांची. तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणाऱ्याला कोणी उंधियूही विचारत नाही.

आज सकाळी दांडिया बाजारातल्या गच्चीवरून लक्ष्मी विलास पॅलेसच्या मनोऱ्यावर नेम धरला. अनंतासाठी जवळचं झाड किंवा समोरची इमारत घेऊ नये. एक किलोमीटरच्या आसपासचं काहीतरी हवं, उभी रेघ असलेलं. लेन्स अनंताच्या टोकाला टेकवली. झोर्कीत मनोरे दोन, आडवा फरक मनोऱ्याच्या अर्ध्या जाडीएवढा, उभाही थोडा.

उभा फरक समोरच्या लहान गोल खिडकीतली तिरकी काच फिरवून जातो. पण ती फिरवली की आडवंही थोडं सरकतं. म्हणून क्रम : उभं, मग आडवं, मग पुन्हा उभं. तीन फेऱ्यांत जुळलं. यशिका मुळातच बरोबर. कॅनोनेटमध्ये आडवा फरक केसभर, वरचं झाकण काढून सुधारला. झाकण उघडलं की आतल्या अर्धपारदर्शक काचेला हात लावायचा मोह होतो. लावू नये. तिच्यावरचा मुलामा कापसानेही निघतो, आणि मग जुळवायला दुसरी प्रतिमाच उरत नाही. फक्त फुग्याने हवा मारायची.

यशिकाचा मधला पिवळा चौकोन फिका होता. व्ह्यूफाइंडरच्या समोरच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा चिमुकला तुकडा लावला. थेट प्रतिमा तेवढ्या जागी झाकली जाते आणि दुसरी प्रतिमा ठळक होते. फुकटातला सर्वांत चांगला उपाय.

१९ जानेवारी, रविवार : एक मीटर, आणि गोंधळ

अनंत जुळलं म्हणजे जवळचं जुळलंच असं नाही. फिल्मच्या जागी घासलेली काच ठेवून लेन्सला खरंच काय दिसतं ते पाहायचं. साध्या काचेवर मॅट सेलोटेप, टेपची बाजू लेन्सकडे. शटर बी वर, केबल रिलीजने अडकवून उघडं. समोर ४५ अंशात पट्टी, तिचा मध्य फिल्मच्या पातळीपासून मोजून एक मीटरवर. रेंजफाइंडरने मध्यावर नेमका फोकस केला आणि काचेवर लूपने (भिंगाने) पाहिलं.

तिन्ही कॅमेरे पुढे फोकस करतायत. कॅनोनेट साडेदहा सें.मी., यशिका आठ, झोर्की साडेनऊ. एफ/२ ला ५० मि.मी. लेन्सची एक मीटरवरची स्पष्टता अख्खी चारेक सें.मी.ची, म्हणजे हे फरक प्रचंड आहेत. कॅनोनेट पुन्हा उघडायला घेतला होता, थांबलो. जपानचे दोन आणि रशियाचा एक, तिघे एकाच दिशेने चुकतील कसे? मोजणारं चुकतंय.

चूक काचेची. कॅमेऱ्याच्या मागे पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. आतल्या जोडीवर फिल्म टेकते, बाहेरच्या जोडीवर फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी. बाहेरची जोडी सुमारे ०.२ मि.मी. उंच. आपली काच रुंद होती, ती बाहेरच्या जोडीवर बसली, म्हणजे फिल्मच्या ०.२ मि.मी. मागे. एवढ्याशा अंतराने एक मीटरवर काय होतं ते आकडे मांडून पाहिलं : ४० मि.मी. ला साडेदहा सें.मी., ४५ ला आठ, ५० ला साडेसहा. पहिले दोन तंतोतंत. झोर्की मात्र हिशेबापेक्षा तीन सें.मी. जास्त. म्हणजे दोन चुका, एकीखाली दुसरी लपलेली.

२० जानेवारी, सोमवार

फ्रेमवाल्याकडून ३४ × ५० मि.मी. काच कापून आणली, कडा घासून. आता ती आतल्या पट्ट्यांवर बसते. यशिका आणि कॅनोनेट बरोबर. झोर्की तीन सें.मी. पुढे, अपेक्षेप्रमाणे.

झोर्कीची लेन्स अनंताला टेकवून काचेवर मनोरा पाहिला : मऊ. स्पष्ट काय दिसतंय ते शोधलं, तर समोरच्या गल्लीतला विजेचा खांब, पावलांनी मोजून २५ मीटर. ५० चा वर्ग भागिले २५,००० म्हणजे ०.१ मि.मी. काचा एवढ्या पुढे आलेल्या आहेत. ०.१ मि.मी. म्हणजे झेरॉक्सच्या कागदाची जाडी.

ज्युपिटर-८ चा काचांचा गट समोरून पकडून डावीकडे फिरवला की फोकसच्या मळसूत्रातून अख्खा बाहेर येतो. आत धातूची पातळ रिंग असते, ती होती. तिच्याखाली कागदाची रिंग, कात्रीने कापलेली, कडेला निळ्या पेनची रेघ. कोणीतरी कधीतरी ‘दुरुस्त’ केलेली. काढली. मनोऱ्याच्या कमानी स्वच्छ, पट्टीवर एक मीटर बरोबर मध्यावर. रेंजफाइंडरला हात लावावा लागला नाही, कारण तो मळसूत्राशी जोडलेला असतो, काचांच्या गटाशी नाही.

कागदाची रिंग डबीत ठेवली आहे.

२५ जानेवारी, शनिवार : चाचणीचे रोल

तिन्हींत एचपी५ प्लस, ४०० संवेदनशीलतेची कृष्णधवल फिल्म. प्रत्येकात तेच क्रम : एक मीटरवर छापील मजकूर पूर्ण उघड्या छिद्रावर, तीन मीटरवर दार, अनंत, मग साधं आकाश प्रत्येक वेगाला एकेक.

झोर्कीचा पहिला रोल फुकट. ३६ झाले तरी लिव्हर... नव्हे, झोर्कीला घुंडी. ती फिरतच राहिली. फिल्मचं टोक रिळातून सुटलं होतं, एकही फ्रेम पुढे गेली नव्हती. फिल्म भरल्यावर परतीची घुंडी हलकेच फिरवून सैलपणा काढायचा आणि पुढची फ्रेम ओढताना ती उलटी फिरते का ते बघायचं. फिरली नाही तर लगेच उघडा.

यशिकाच्या चार फ्रेम कोऱ्या जाणार हे तिथेच कळलं, टोपण लावलेलं. यशिकाचा प्रकाशडोळा लेन्सवर नाही, अंगावर आहे, म्हणून टोपण असूनही कॅमेरा खुशाल चालतो. कॅनोनेटचा डोळा लेन्सच्या रिंगमध्येच असल्यामुळे ऑटोवर टोपण असेल तर बटण दबतच नाही. त्याच कारणाने पिवळा फिल्टर लावला तर कॅनोनेट आपोआप सांभाळून घेतो. यशिकात ४०० ची फिल्म २०० वर सेट करावी लागते.

२६ जानेवारी, रविवार : धुलाई

डी-७६ (फिल्मवरची प्रतिमा उमटवणारं डेव्हलपर) घरीच. ७५० मि.ली. पाणी ५० अंशांना, त्यात सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल २ ग्रॅम, उरलेलं सोडियम सल्फाइट धरून एकूण १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, वर पाणी घालून एक लिटर. मेटॉलच्या आधी सगळं सल्फाइट टाकलं तर मेटॉल विरघळत नाही. दोन ग्रॅम मोजायला किचनचा काटा कामाचा नाही, सोनारी काटा हवा.

पाण्यात एकास एक, २० अंश, ११ मिनिटं. नळाचं पाणी आज २३ अंश. टँक बर्फाच्या पाण्याच्या बादलीत. एप्रिलपासून हेच पाणी तिशी ओलांडतं, तेव्हा बर्फाचा हिशेब वेगळा. दोन रिळांच्या टँकमध्ये एकच फिल्म असेल तर ती खाली आणि वर रिकामं रीळ, नाहीतर फिल्म दांड्यावर वर सरकते आणि वरचा काठ कोरडा राहतो.

निकाल. यशिका : सगळं ठीक. कॅनोनेट : १/५०० जरा सुस्त, अर्ध्या स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). झोर्की : १/५०० ला आकाशाची एक कड फिकट, १/१००० ला ती कड जवळजवळ कोरी. दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. स्प्रिंगचा ताण वाढवून हे सुधारता येतं, पण जुन्या स्प्रिंगला ताण देणं म्हणजे दुखणं विकत घेणं. निर्णय : झोर्की १/२५० पर्यंतच. पहाटेच्या बाजारात त्यापेक्षा जास्त लागणारही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार : मार्केट, पहिली फेरी

सातच्या सुमारास. १९०६ ची इमारत, कमानीखाली अजून अंधार, बाहेर लाऱ्यांवर (हातगाड्यांवर) निळसर उजेड. फोनच्या मीटरवर आत एफ/२, १/६० (४०० ला). फुलवाल्यांच्या बल्बखाली दोन स्टॉप जास्त.

कॅनोनेट इथे सर्वांत कामाचा. पात्यांचं शटर, आवाज पाकीट मिटल्याएवढा. भाजीवाल्या मावशींना ‘काढू का?’ विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि फोटो झाला तरी त्या वाट बघत बसल्या. उजेड वाढल्यावर एफ/८, फोकस ३ मीटरवर पक्का : २.१ ते ५.४ मीटर सगळं चालण्याजोगं. चौकोन जुळवत बसायची गरज नाही.

यशिकाने एका बाबतीत फसवलं. कमानीखाली पिवळा दिवा म्हणजे १/३० पेक्षा मंद. किती मंद, ते तो सांगत नाही. १/२५ असेल किंवा १/४. आठ फ्रेम हललेल्या. पिवळा दिसला की छिद्र उघडायचं, एफ/१.७ लाही पिवळाच असेल तर खांबाला टेकायचं.

झोर्कीत एक मीटरवरच्या तिन्ही चेहऱ्यांची डोकी कापली गेली. खिडकी लेन्सच्या वर आहे आणि चौकट सरकत नाही. जवळून घेताना जुळवून झालं की कॅमेरा किंचित वर उचलायचा. चेहऱ्यांचे डोळे मात्र टोकदार.

२३ फेब्रुवारी, रविवार : दुसरी फेरी

ऊन लवकर चढलं. साडेनऊनंतर लाऱ्यांच्या रांगेत यशिकाचा लाल दिवा, म्हणजे प्रकाश जास्त : ४०० ची फिल्म, एफ/११, वेग हवा १/८००, कॅमेऱ्याकडे १/५०० पर्यंतच. एफ/१६ ला लाल गेला. उन्हातल्या फ्रेमसाठी पुढच्या वेळी १०० ची फिल्म, किंवा ५५ मि.मी. चा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर.

आज पाच रोल पूर्ण झाले. सहावा कॅनोनेटमध्ये होता. अकराव्या फ्रेमनंतर शटरचा आवाज बदलला. तिथेच कोपऱ्यात दार उघडून अकरा फ्रेमवर प्रकाश पाडण्यापेक्षा फिल्म गुंडाळून घेतली. घरी पाहिलं तर पाती पुन्हा सुस्त, कडेला तेलाची चकाकी. पाच जानेवारीची नोंद खरी ठरली. आता मागचा काचांचा गटही काढून दोन्ही बाजूंनी साफ करायचा, शटरच्या कड्यावरचं जुनं वंगण पुसायचं. सहाव्या रोलचे उरलेले २३ फोटो यशिकातून : टोक बाहेर ठेवूनच गुंडाळलंय, पाकिटावर ‘११ झाले’ लिहिलंय. पुन्हा भरताना टोपण लावून, एफ/१६ ला, लेन्ससमोर हात आडवा धरून १३ वेळा शटर. दोन फ्रेम जादा, कारण दोन कॅमेऱ्यांत फिल्म नेमकी त्याच जागी बसत नाही. यशिकाचा डोळा वेगळा झाकायचा नाही, नाहीतर प्रत्येक वेळी शटर कितीतरी सेकंद उघडं राहील.